अटकेचे कारण लेखी हवे

पोलिसांनी एखाद्याला अटक केली, तर ती नेमकी कशाबद्दल केली हे त्याला सांगणे राज्यघटनेने बंधनकारक केले आहे. अनुच्छेद २२(१) म्हणतो की अटक झालेल्या माणसाला अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर कळवल्याशिवाय कोठडीत ठेवता येणार नाही, आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्कही त्याला नाकारता येणार नाही. घटना लागू झाली त्या दिवसापासून हे लिहिलेले आहे. मात्र ही कारणे तोंडी सांगायची की लेखी द्यायची, कोणत्या भाषेत, किती वेळात, आणि दिलीच नाहीत तर पुढे काय, या प्रश्नांची सर्व गुन्ह्यांना लागू पडणारी उत्तरे मिळायला पाऊणशे वर्षे जावी लागली. ऑक्टोबर २०२३ ते नोव्हेंबर २०२५ या काळात सर्वोच्च न्यायालयाने एकामागून एक चार निकाल दिले आणि या विषयाचे चित्र बदलले. त्यांतला शेवटचा निकाल मुंबईतल्या वरळीच्या एका प्रकरणातला आहे. फौजदारी वकिली करणाऱ्यांसाठी अलीकडच्या काळात मानवी हक्कांच्या कायद्यात इतका रोजच्या कामाला भिडणारा दुसरा बदल क्वचितच झाला असेल.

या तरतुदीचा जन्मच एका तडजोडीतून झाला. घटना समितीत जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा अनुच्छेद, म्हणजे आजचा अनुच्छेद २१, मंजूर झाला तेव्हा त्यातून अमेरिकी धर्तीच्या ‘उचित प्रक्रिये’ची हमी वगळून ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ एवढेच शब्द ठेवले गेले. विधिमंडळ जो कायदा करील तीच कार्यपद्धती, असा त्याचा अर्थ निघत होता. अनेक सदस्य नाराज होते. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५-क हा नवा अनुच्छेद मांडला, तोच आजचा अनुच्छेद २२. आधी जे निसटले त्याची काही प्रमाणात भरपाई यातून होईल, अशी त्यांची भूमिका होती. कारण कळवणे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे ही तत्त्वे फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासून आहेत, मग यात नवे ते काय, या संभाव्य आक्षेपालाही त्यांनी उत्तर देऊन ठेवले होते: संहिता विधिमंडळाला कधीही बदलता येते, घटनेत घातलेली हमी संसदेला किंवा प्रांतांच्या विधिमंडळांना साध्या कायद्याने काढून टाकता येणार नाही.

त्याच सुमारास इंग्लंडमध्येही हाच प्रश्न सर्वोच्च पातळीवर पोहोचला होता. लिव्हरपूलच्या पोलिसांनी कापडाच्या एका गठ्ठ्यावरून लीचिन्स्की नावाच्या व्यापाऱ्याला पकडले. मनात संशय चोरीचा होता आणि सांगितले मात्र स्थानिक कायद्यातले दुसरेच कारण, ज्याखाली त्या परिस्थितीत वॉरंटशिवाय अटकेचा अधिकारच नव्हता. १९४७ मध्ये लॉर्ड्स सभागृहाने ही अटक बेकायदा ठरवली. खरे कारण कळले तरच माणूस त्याचा प्रतिवाद करू शकतो, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र. आपल्या न्यायालयांनी पुढे हा निकाल अनेकदा आधाराला घेतला.

भारतात या हक्काची पहिली ठसठशीत कसोटी लागली ती मधू लिमये यांच्या अटकेत. पुण्यात जन्मलेले हे समाजवादी नेते तेव्हा बिहारमधल्या मुंगेरचे खासदार होते. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी मुंगेरजवळच्या लखीसराय रेल्वे स्थानकावर त्यांना इतर अनेकांसह अटक झाली. कशाबद्दल, हे त्यांना रीतसर सांगितले गेले नाही. लिमये यांनी तुरुंगातून थेट सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली आणि आपली बाजू स्वतःच मांडली. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या खंडपीठापुढे सरकारचा युक्तिवाद असा की आता दंडाधिकाऱ्यांनी कोठडीचे आदेश दिले आहेत, त्यामुळे आधीची त्रुटी मागे पडली. न्यायालयाने तो मानला नाही. कोठडीचे ते आदेश यांत्रिकपणे दिलेले दिसतात, आणि अशा आदेशाने घटनेच्या भंगाला मलमपट्टी होत नाही, असे सांगून लिमये आणि त्यांच्या सहकाऱ्यांची सुटका करण्यात आली. आजच्या सगळ्या निकालांचा गाभा या एका निकालात आहे. पुढची कित्येक दशके तो कायद्याच्या पुस्तकांत राहिला आणि पोलीस ठाण्यांपर्यंत फारसा पोहोचला नाही.

न पोहोचण्याचे कारण गूढ नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५० आले. वॉरंटशिवाय अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने गुन्ह्याचा संपूर्ण तपशील किंवा अटकेची अन्य कारणे लगेच कळवावीत, असे ते सांगते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७ ने घेतली, शब्द जवळपास तेच. ‘कळवावीत’ या क्रियापदात तोंडी कळवणेही बसते. त्यामुळे स्टेशन डायरीत ‘आरोपीस अटकेची कारणे समजावून सांगितली’ अशी एक ओळ टाकायची, अटक फॉर्मवर सही किंवा अंगठा घ्यायचा आणि पुढच्या कामाला लागायचे, हा शिरस्ता पडला. सांगितले की नाही यावर वाद झालाच, तर एका बाजूला वर्दीतला अधिकारी आणि सरकारी नोंद, दुसऱ्या बाजूला लॉकअपमध्ये रात्र काढलेला माणूस. या सामन्याचा निकाल काय लागणार हे वेगळे सांगायला नको.

गंमत अशी की प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या बाबतीत, जिथे सरकारला जास्त मोकळीक आहे, तिथे हा प्रश्न केव्हाच सुटला होता. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९६२ चा निकाल नागपूरच्या स्थानबद्धाचा. त्याला स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली गेली. आपल्याला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या, अशी मागणी त्याने केली. इंग्रजी ही अजून राजभाषा आहे आणि पोलीस अधिकाऱ्याने तोंडी भाषांतर करून सांगितले आहे, असे उत्तर मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने हे उत्तर फेटाळले आणि त्याला मुक्त केले. ज्याला बाजू मांडायची आहे त्याच्या हाती, त्याला कळणाऱ्या भाषेत आणि लिपीत कागद हवा. एकदा तोंडी भाषांतर ऐकवून भागत नाही. साध्या चोरीच्या किंवा फसवणुकीच्या आरोपात अटक झालेल्याला मात्र ही सोय २०२५ पर्यंत स्पष्टपणे मिळाली नाही.

मधल्या काळात अटकेच्या अधिकारावर इतर बाजूंनी मर्यादा येत गेल्या. अटकेचा अधिकार असणे वेगळे आणि तो वापरण्याचे समर्थन असणे वेगळे, हे १९९४ च्या जोगिंदर कुमार प्रकरणात सांगितले गेले. डी. के. बसू प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये अकरा निर्देश आले: अटक पंचनामा करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, नातेवाइकाला कळवा, वैद्यकीय तपासणी करा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक नको, आधी नोटीस द्या, हे अर्नेश कुमार निकालाने २०१४ मध्ये बजावले. या साऱ्यातून ‘अटक करावी का’ आणि ‘अटकेनंतर कसे वागावे’ यांची उत्तरे मिळाली. ‘अटक का केली’ हे आरोपीच्या हाती देणारा कागद तेवढा राहून गेला.

तो कागद पहिल्यांदा आला मनी लाँडरिंगच्या प्रकरणात. पंकज बन्सल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ईडीने, जून २०२३ मध्ये अटक केली होती आणि कारणे वाचून दाखवल्याचे सांगितले होते. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी न्या. ए. एस. बोपण्णा आणि न्या. संजय कुमार यांनी निकाल दिला की यापुढे ईडीने अटकेच्या कारणांची लेखी प्रत अपवाद न करता आरोपीला द्यावी. कारणमीमांसा व्यवहारी होती. काही ठिकाणी ईडी लेखी प्रत देत होती, काही ठिकाणी नुसती वाचून दाखवत होती; एकाच यंत्रणेच्या दोन तऱ्हा कशा चालतील? आधीच्या एका प्रकरणात ही कारणे सहा पानांची होती. अटकेच्या धक्क्यात असलेल्या माणसाने सहा पाने ऐकून लक्षात ठेवावीत आणि वकिलाला सांगावीत, ही अपेक्षाच अवास्तव. शिवाय मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कलम ४५ नुसार जामीन मिळवायचा तर आपण गुन्हा केलेला नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे, हे न्यायालयाला पटवावे लागते. आरोपच नीट माहीत नसेल तर पटवायचे काय? डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने स्पष्ट केले की हा नियम निकालानंतरच्या अटकांनाच लागू होईल.

ज्या दिवशी बन्सल निकाल आला, त्याच दिवशी दिल्लीत ‘न्यूजक्लिक’ या वृत्तसंकेतस्थळाचे संस्थापक प्रबीर पुरकायस्थ यांना बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे यूएपीएखाली, अटक झाली. त्यानंतरच्या काही तासांचा घटनाक्रम सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२४ च्या निकालात बारकाईने तपासला आणि तो मुळातून पाहण्यासारखा आहे. ३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अटक. दुसऱ्या दिवशी पहाटे, सहाच्या आत, त्यांना न्यायाधीशांच्या निवासस्थानी हजर करण्यात आले. तिथे विधी साहाय्याचे वकील उपस्थित होते. आरोपीचे स्वतःचे वकील नव्हते. कोठडीच्या आदेशावर वेळ सकाळी सहाची. आणि कोठडीच्या अर्जाची प्रत आरोपीच्या वकिलाला व्हॉट्सॲपवर मिळाली ती सात वाजून सात मिनिटांनी. म्हणजे वकिलाला विरोध करण्यासाठी कागद मिळाला तेव्हा निर्णय होऊन तासाहून अधिक वेळ गेला होता. हा सारा प्रकार लपूनछपून उरकण्याचा होता, असा निष्कर्ष न्या. भूषण गवई आणि न्या. संदीप मेहता यांनी काढला, अटक व कोठडी दोन्ही अवैध ठरवल्या आणि सुटकेचा आदेश दिला. बन्सल निकाल तोवर आमच्यापर्यंत पोहोचला नव्हता, ही सरकारची सबब टिकली नाही.

या निकालाने केलेला एक भेद वकिलांच्या रोजच्या कामाचा आहे. अटकेच्या छापील फॉर्मवर ठरावीक वाक्ये असतात: आणखी गुन्हा करू नये म्हणून, नीट तपासासाठी, पुरावा नष्ट होऊ नये म्हणून, साक्षीदारांवर दबाव येऊ नये म्हणून, न्यायालयात हजेरीची खात्री म्हणून. ही वाक्ये कुठल्याही आरोपीला, कुठल्याही गुन्ह्यात लावता येतात. ती सांगतात अटक कशाला हवी. अनुच्छेद २२ ला अपेक्षित आहे ते दुसरे: या विशिष्ट माणसावर नेमका संशय कोणत्या कृत्याचा आणि कोणत्या आधारावर. समजा एका पतसंस्थेच्या रोखपालाला अपहाराच्या गुन्ह्यात पकडले. ‘तपासकामी आवश्यक’ असे लिहिणे पुरेसे नाही. अमुक तारखांच्या भरणा पावत्यांवर तुमची सही आहे, ती रक्कम रोजकीर्दीत जमा दिसत नाही, आणि त्यानंतर तुमच्या नावच्या खात्यात पैसे वळल्याचे दिसते, असे काही तरी हवे. एवढे कळले की वकील विचारू शकतो: त्या दिवशी खिडकीवर माझा अशील होता का? सही त्याची आहे का? नुसत्या ‘तपासकामी’ला उत्तर देता येत नाही.

बन्सल आणि पुरकायस्थ हे दोन्ही निकाल कडक, विशेष कायद्यांपुरते होते. साध्या फौजदारी गुन्ह्यांचे काय, या प्रश्नावर उच्च न्यायालयांत वेगवेगळी मते पडू लागली. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी विहान कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात न्या. अभय ओक आणि न्या. एन. कोटिश्वर सिंह यांनी पुढचे पाऊल टाकले. जून २०२४ मध्ये गुरुग्राममध्ये अटक झालेल्या या आरोपीला रोहतकच्या रुग्णालयात दाखल केल्यावर हातकड्या घालून पलंगाला साखळीने बांधून ठेवण्यात आले होते. रुग्णालयाचे छायाचित्रच न्यायालयापुढे होते. मुंबई उच्च न्यायालयात दीर्घकाळ न्यायदान केलेल्या न्या. ओक यांनी निकालात मुद्द्यांची अगदी सरळ मांडणी केली. कारणे कळवणे ही प्रत्येक अटकेतली सक्तीची अट. कळवली नाहीत अशी तक्रार आरोपीने केली, की कळवली हे सिद्ध करण्याचा भार पोलिसांवर. भंग झाला असेल तर पुढे दोषारोपपत्र दाखल झाले तरी अटक वैध होत नाही. जामिनावर कायद्यानेच बंधने असली तरी घटनेचा भंग दिसल्यावर न्यायालय जामीन देऊ शकते. यूएपीए, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ किंवा महाराष्ट्रातला मोक्का, या सगळ्यांच्या संदर्भात हे वाक्य महत्त्वाचे. न्या. सिंह यांनी आपल्या स्वतंत्र मतात भर घातली की कारणे नातेवाइकांनाही कळवली पाहिजेत, कारण धावपळ करून वकील गाठणारे तेच असतात. लेखी प्रत मात्र या निकालाने उत्तम उपाय मानली, सर्वत्र सक्तीची केली नाही.

मग गाडी थोडी मागे गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये कर्नाटकातल्या एका गाजलेल्या खून खटल्यात जामीन रद्द करताना दोन न्यायमूर्तींच्या दुसऱ्या खंडपीठाने म्हटले की लेखी कारणे दिली नाहीत एवढ्यावरून अटक आपोआप अवैध होत नाही. त्यामुळे आरोपीचे प्रत्यक्ष नुकसान झाले हे दिसले पाहिजे. ‘आरोपीला सगळे माहीतच होते’ हा युक्तिवाद त्यातून पुन्हा बळावला.

हाच युक्तिवाद मुंबईतही झाला होता. जुलै २०२४ मध्ये वरळीत पहाटे झालेल्या मोटार अपघाताच्या प्रकरणात अटक झालेल्या आरोपीने, कारणे लेखी दिली नाहीत म्हणून अटक अवैध ठरवावी, अशी मागणी केली. लेखी कारणे दिली गेली नव्हती हे मुंबई उच्च न्यायालयाला दिसत होते, तरीही गुन्ह्याचे गांभीर्य आणि आरोपीला असलेली जाणीव पाहून नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने मागणी फेटाळली. प्रकरण दिल्लीला गेले. मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने त्याचा निकाल ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने दिला. योगायोग असा की लखीसरायच्या अटकेला त्याच दिवशी ५७ वर्षे पूर्ण झाली.

निकालाचे सार थोडक्यात असे. कोणताही कायदा असो, भारतीय न्याय संहिता धरून, अटकेची कारणे कळवणे सक्तीचे. ती लेखी द्यायची आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. अटकेच्या क्षणी किंवा लगेच नंतर लेखी देणे शक्य नसेल, उदाहरणार्थ पोलिसांच्या डोळ्यांदेखत गुन्हा घडतो आहे, तर तेव्हा तोंडी सांगायचे. पण वाजवी वेळेत लेखी प्रत द्यायचीच, आणि कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्याच्या किमान दोन तास आधी ती आरोपीच्या हाती पडली पाहिजे. हे पाळले नाही तर अटक आणि त्यानंतरची कोठडी बेकायदा, आणि आरोपीला मोकळे करावे लागेल. कागदपत्रांवर उभ्या असलेल्या तपासात, जिथे आरोपीला आधीच नोटीस देऊन बोलावले जाते, तिथे सवलतीला जागा नाही. कारणे अटकेच्या वेळीच तयार असली पाहिजेत.

दोन तासांमागचा विचार वकिलाच्या सोयीचा आहे आणि तो योग्यच आहे. रिमांडच्या वेळी वकिलाने प्रत वाचायची, अशिलाशी बोलायचे, विरोधाचे मुद्दे काढायचे, शक्य तर जामिनाचा अर्ज तयार करायचा. पहाटे सहाच्या आदेशाला सात वाजून सात मिनिटांनी उत्तर देण्याची पाळी पुन्हा येऊ नये, यासाठी ही सोय. तरी मुदत तोकडीच म्हणावी लागेल. तालुक्याच्या न्यायालयात दुपारी हजर होणाऱ्या आरोपीच्या घरच्यांना वकील शोधण्यातच दोन तास जातात.

या निकालाचा अर्थ आरोपी निर्दोष सुटला असा मात्र नाही, आणि सर्वसामान्य वाचकाची गफलत होते ती इथेच. अवैध ठरते ती अटक. गुन्हा नोंदलेला राहतो, तपास चालू राहतो, खटलाही होतो. इतकेच काय, सुटका झाल्यानंतर लेखी कारणे देऊन आणि आधी का दिली नाहीत हे सांगून पोलिसांना पुन्हा कोठडीची मागणी करता येते. तो अर्ज दंडाधिकाऱ्याने शक्यतो आठवड्याभरात निकाली काढायचा आहे. पोलिसांच्या हातून एक चूक झाली म्हणून गंभीर गुन्ह्याचा तपास बुडू नये, हा त्यामागचा हेतू. टीकाकार म्हणतील की यामुळे नियमाचा दरारा कमी होतो. त्यात तथ्य आहे, पण उलट बाजूने पाहिले तर याच मुभेमुळे दंडाधिकारी नियम कडकपणे लावायला कचरणार नाहीत. आरोपी कायमचा निसटेल ही भीती असली, की न्यायालये नियमालाच वळसा घालतात; वरळी प्रकरणात उच्च न्यायालयाने गुन्ह्याच्या गांभीर्याचा आधार घेतला, तो याच भीतीपोटी असावा.

भाषेची अट महाराष्ट्रात कसाला लागणार आहे. इथे पोलीस ठाण्याचे कामकाज मराठीत चालते. मुंबई-ठाण्यात अटक होणाऱ्यांत भोजपुरी, बंगाली, तमिळ बोलणारे असतात, परदेशी नागरिक असतात. गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्याला मराठी कागद म्हणजे हरिकिसनच्या इंग्रजी कागदासारखाच. निरक्षर माणसाच्या हाती नुसती प्रत देऊन भागणार नाही, ती वाचून समजवावी लागेल. दुभाषे कुठून आणायचे, भाषांतर कोणी तपासायचे, याची व्यवस्था बहुतेक ठाण्यांत उभी राहायची आहे, आणि ती उभी करणे हे राज्य सरकारचे काम आहे.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या चौकटीत भारत इथे उशिराच पोहोचला आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा अनुच्छेद ९ अटकेच्या वेळीच कारण सांगण्यास बजावतो. मानवी हक्कांचा युरोपीय करार त्यात ‘समजणाऱ्या भाषेत’ ही अट स्पष्टपणे घालतो. भारत १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, पण अनुच्छेद ९ बाबत राखीव भूमिका घेऊन: बेकायदा अटकेबद्दल भरपाईचा हक्क आमच्या कायद्यात नाही, असे सरकारने नोंदवले. सर्वोच्च न्यायालयाने ही भिंत दुसऱ्या वाटेने ओलांडली. निर्दोष सुटूनही चौदा वर्षे बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या रुदुल शाह यांना १९८३ मध्ये एकूण ३५,००० रुपये, तर कोठडीतल्या मृत्यूबद्दल नीलाबती बेहेरा प्रकरणात १९९३ मध्ये दीड लाख रुपये भरपाई मिळाली. अलीकडच्या चार निकालांत मात्र भरपाईचा पैसुद्धा नाही. नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला वैयक्तिक झळ लागत नाही. फार तर त्याची अटक रद्द होते. या नव्या कायद्यातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

जुन्या अटकांचा प्रश्नही पुरता मिटलेला नाही. शाह निकालाने ही कार्यपद्धती ‘यापुढच्या’ अटकांसाठी घालून दिली. म्हणजे ६ नोव्हेंबर २०२५ च्या आधी साध्या गुन्ह्यात अटक झालेल्याला लेखी प्रत नव्हती एवढ्यावर विसंबता येणार नाही. त्याला विहान कुमार निकालाचा आधार घ्यावा लागेल: कारणे कळवलीच नाहीत, आणि कळवली असतील तर पोलिसांनी ते सिद्ध करावे.

सगळे शेवटी येऊन ठेपते ते दंडाधिकाऱ्याच्या टेबलावर. घटनेचे पालन झाले की नाही हे पाहण्याची जबाबदारी विहान कुमार निकालाने त्याच्यावर टाकली आहे, आरोपीने तक्रार करण्याची वाट पाहायची नाही. प्रत्यक्षात रिमांडची सुनावणी काही मिनिटांत आटोपते. तपासी अंमलदार रिमांड रिपोर्ट पुढे करतो, सरकारी वकील ‘पीसीआर’, म्हणजे पोलीस कोठडी, मागतो, आरोपीला ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ एवढे विचारले जाते, आणि तो पोलिसांच्याच गराड्यात उभा राहून नाही म्हणतो. यापुढे आणखी दोन प्रश्न विचारावे लागतील: कारणांची प्रत मिळाली का, आणि किती वाजता? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नोंदले गेले नाही तर दोन तासांचा नियम कागदावरच राहील. निकालाची प्रत सर्व उच्च न्यायालयांच्या महाप्रबंधकांना आणि सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठवण्याचा आदेश खंडपीठाने दिला आहे, तो याच कारणासाठी.

ज्यांच्या घरातल्या कोणाला अटक होईल त्यांनी काही गोष्टी तेवढ्या ध्यानात ठेवाव्यात. पोलिसांनी कितीला ताब्यात घेतले ती वेळ लिहून ठेवावी, कारण चोवीस तासांची गणना तिथून होते. अटकेच्या कारणांची लेखी प्रत मागावी. अटक पंचनाम्याची प्रत म्हणजे ती नव्हे. प्रतीवर सही करताना मिळाल्याची वेळ घालावी. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर ‘समजले’ असे लिहून देऊ नये. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून किंवा लोकअभिरक्षक कार्यालयाकडून तो विनामूल्य मिळतो, आणि राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.